विश्लेषण : बाळाच्या श्वासपटलाला छिद्र… गर्भजलाच्या तपासणीतून नेमके काय कळते?

पोट आणि छाती यांच्यामधला पडदा म्हणजे श्वासपटल. गर्भावस्थेत तो पूर्ण जुळला नाही, तर आतडी, जठर, कधी यकृतही छातीत सरकते आणि फुप्फुसांना वाढायला जागा उरत नाही. साधारण तीन हजार जन्मांमागे एका बाळात असे घडते. बहुतेकदा डाव्या बाजूला. छिद्र शिवता येते, खरी अडचण खुरटलेल्या फुप्फुसांची असते.

दोष सोनोग्राफीत दिसतो, मग प्रयोगशाळा कशासाठी?

रक्ताच्या किंवा गर्भजलाच्या कोणत्याही चाचणीत हे छिद्र सापडत नाही. ते दिसते १८ ते २० आठवड्यांच्या ‘अ‍ॅनोमली स्कॅन’मध्ये, तेही दर वेळी नाही. गर्भजल तपासतात ते दोष एकटाच आहे की गुणसूत्रांतील बिघाडाचा भाग आहे, हे पाहण्यासाठी. एकटा असेल तर बाळ वाचण्याची शक्यता बरीच अधिक. सोबत ट्रायसोमी १८ असेल तर चित्रच बदलते. आईच्या रक्तावरची ‘एनआयपीटी’ इथे पुरत नाही. ती संशय दाखवते, निदान करत नाही.

वेळेचे गणित कुठे अडते?

ठरावीक गुणसूत्रांची ‘क्यूएफ-पीसीआर’ चाचणी दोन-तीन दिवसांत होते. पेशी वाढवून करायच्या कॅरिओटाइपला दोन आठवडे किंवा अधिक लागतात. गुणसूत्राचा बारीक तुकडा गहाळ असेल तर तो मायक्रोअ‍ॅरेतच दिसतो. गर्भपात कायद्यातील २०२१च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांनंतर गर्भातील गंभीर दोषासाठी वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. स्कॅन विसाव्या आठवड्यात, मोठ्या केंद्रात फेरतपासणीला आणखी एक, मग गर्भजल. अहवालाआधीच मुदत उलटू शकते. त्यामुळे जलद चाचणी आणि मायक्रोअ‍ॅरे एकाच नमुन्यातून, एकाच दिवशी पाठवता येतील का, हे पालकांनी आधीच विचारलेले बरे.

जन्मानंतर काय तपासतात?

बाळाच्या उजव्या हाताची आणि पायाची ऑक्सिजन पातळी एकाच वेळी मोजतात. हातापेक्षा पायात आकडा बराच कमी असेल, तर फुप्फुसांतील रक्तदाब वाढून ऑक्सिजन न मिळालेले रक्त परस्पर शरीरात जात असल्याची ती खूण. धमनीतील रक्तवायूंची चाचणी वारंवार होते. तिच्यात कार्बन डायऑक्साइड ५० ते ७० दिसला की नातेवाईक घाबरतात, कारण अहवालावर सामान्य मर्यादा ३५ ते ४५ छापलेली असते. पण व्हेंटिलेटरच्या दाबाने कोवळी फुप्फुसे फाटू नयेत म्हणून डॉक्टर हा आकडा जाणूनबुजून चालवून घेतात. शस्त्रक्रियाही बाळ स्थिरावल्यावरच.

रक्ताचा अहवाल ‘नॉर्मल’ आला की संपले?

नेहमी नाही. पॅलिस्टर-किलियन सिंड्रोममध्ये जादा गुणसूत्र रक्तातल्या पेशींत अनेकदा सापडतच नाही, त्वचेच्या पेशींत सापडते. त्यामुळे संशय असल्यास त्वचेचा नमुना मागितला जातो. बाळ दगावले तरी हा नमुना किंवा डीएनए जपून ठेवायला सांगतात; पुढच्या गरोदरपणात काय शोधायचे, हे त्यावरूनच ठरते.