छप्परफाड सोलर!

आमच्या पुण्यातल्या सोसायटीने सोलरचा निर्णय किती वेळात घेतला, माहितीये? पंचवीस मिनिटांत! त्यातली दहा मिनिटं सामोसे यायला उशीर झाला म्हणून गेली. गच्ची एकदम सपाट, टाक्या सोडल्या तर वर काही नाही, आजूबाजूला सावली पाडणारं झाड नाही (हे दुःखाचं आहे, पण सोलरसाठी सोयीचं). लिफ्ट आणि पंपाच्या बिलाने सगळे वैतागलेले. कुणीतरी लॅपटॉपवर एक्सेल शीट उघडली, कुणीतरी म्हणालं, 'पाच वर्षांत पैसे वसूल', हात वर झाले, विषय संपला. हात मीसुद्धा वर केला होता. भाडेकरूला मत नसतं हे नंतर कळलं.

सांगायचा मुद्दा असा, की या पंचवीस मिनिटांच्या जोरावर मी स्वतःला सोलरमधली एक्स्पर्ट समजायला लागले होते. आणि तेवढ्यात मावशीचा फोन आला.

माझी मावशी सेमाडोहला राहते. अमरावतीहून परतवाडा, तिथून धारणीच्या एसटीने घटांगचा घाट ओलांडायचा, की सिपना नदीकाठचं हे गाव लागतं. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या पोटातलं हे गाव. पर्यटक इथे वनखात्याच्या संकुलात दोन रात्री राहतात, 'वाघ नाही दिसला यार' म्हणत परत जातात. मावशी मात्र लग्न होऊन आली ती तिथलीच झाली. मेळघाटातल्या आश्रमशाळांमध्ये तीस वर्षं शिकवलं. काका सहा वर्षांपूर्वी गेले, तरी ती हलली नाही. आम्ही सगळ्यांनी अमरावतीला ये, पुण्याला ये म्हणून पाहिलं. "तुमच्या फ्लॅटमंदी मले कोंडल्यावानी होते," एवढंच उत्तर.

तर फोन. जुलैमध्ये पावसात कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि अडीच दिवस लाइट नव्हती. जंगलातून येणारी लाइन, मुसळधार पाऊस, हे व्हायचंच. हे तिने मला आठ दिवसांनी सांगितलं, आणि तेही विनोद म्हणून. "बाप्पा, फ्रिज बंद, तं इन्सुलिनले माठापाशी ओल्या फडक्यात झोपवलं होतं मी!"

मला अजिबात हसू आलं नाही. मावशीला दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं. उघडलेली बाटली काही आठवडे खोलीत चालते, पण शिल्लक साठा फ्रिजमध्येच हवा, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलेलं. आणि तिथे मेडिकल स्टोअर म्हणजे काही खालच्या मजल्यावरचं दुकान नव्हे. पावसाळ्यात ठीक, पण हेच मेमध्ये झालं तर?

'सोलर लावून टाकू!' मी जाहीर केलं. पंचवीस मिनिटांत.

फंडा नंबर एक : बिल की उजेड?

मी एका डीलरला फोन लावला. त्याने सॅटेलाइट नकाशावर घर शोधलं आणि म्हणाला, "मॅडम, छप्पर मोठं आहे, तीन किलोवॅट आरामात बसतील." फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर : मोफत वीज योजने'त पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, म्हणजे एकूण ७८,००० रुपयांचं अनुदान ठरलं. डीलर तो आकडा इतक्या गोड आवाजात सांगत होता, की मी जवळजवळ हो म्हणाले होते.

जाता जाता सहज विचारलं, "मग लाइट गेली तरी फ्रिज चालेल ना?"

शांतता. मग, "नाही मॅडम, लाइट गेली की हे पण बंद होतं."

काय?! वर ऊन तळपतंय, पॅनेल चकाकतायत आणि घरात अंधार? मी नंतर तासभर डोकं घालून समजून घेतलं. साधी 'ऑन-ग्रिड' सिस्टिम तारांमधल्या विजेशी सूर जुळवून चालते. तारांमधला पुरवठा थांबला की तिचा इन्व्हर्टर मुद्दाम स्वतःला बंद करून घेतो. कारण तसं केलं नाही, तर आपल्या छपरावरची वीज उलटी तारांमध्ये जाईल, आणि खांबावर चढलेल्या लाइनमनला शॉक बसेल. नियम बरोबरच आहे. पण मावशीची अडचण जशीच्या तशी! अंधारात उजेड हवा असेल तर बॅटरी हवी, आणि बॅटरीसोबत चालणारा 'हायब्रिड' इन्व्हर्टर हवा. अनुदान ग्रिडला जोडलेल्या पॅनेलसाठी. बॅटरीचा खर्च आपला.

मग मावशीचं बिल मागवलं. महिन्याला ६५ युनिट! एक किलोवॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट देतात, म्हणजे महिन्याला १२०. तीन किलोवॅट लावून ती काय करणार होती? वर्षाच्या शेवटी उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण तो दर आपण भरतो त्याच्यापेक्षा बराच कमी असतो. आमच्या सोसायटीचा प्रश्न बिलाचा होता. मावशीचा प्रश्न अडीच दिवसांचा होता. दोन्हींना आपण 'सोलर' हा एकच शब्द वापरतो, घोटाळा तिथेच होतो.

फंडा नंबर दोन : छप्पर काय म्हणतंय?

दिवाळीत सेमाडोहला गेले. घर मी लहानपणापासून पाहतेय, पण छपराकडे कधी मान वर करून बघितलंच नव्हतं. सॅटेलाइटवरून जे एक 'मोठं छप्पर' दिसतं, ते खरं तर पाच छपरं आहेत! मधलं मुख्य कवेलूचं, आढं उत्तर-दक्षिण, म्हणजे उतार पूर्वेला आणि पश्चिमेला. पुढे ओसरीचा ठेंगणा उतार दक्षिणेला. मागे स्वयंपाकघराचे टिनपत्रे, उत्तरेकडे कललेले. मधे जिथे दोन उतार भेटतात तिथे पन्हळ. आणि बाजूला रिकामा कोठा, कारण गाई काकांच्या आधीच गेल्या.

आपल्याकडे पॅनेलचं तोंड दक्षिणेला असलं तर उत्तम. पूर्व-पश्चिम चालतं, पण उत्पादन थोडं कमी. उत्तरेचा उतार थंडीत जवळजवळ वायाच. म्हणजे कागदावर ओसरी पहिल्या नंबरावर! फक्त तिच्यावर काकांनी लावलेला आंबा सावली धरून उभा आहे.

मी काय केलं, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर तासाला अंगणात त्याच जागी उभं राहून मोबाइलवर छपराचा एकेक फोटो काढला. (शेजारच्या आजींनी मावशीला विचारलं, "पोरीले बरं नाई का?") दहा फोटो शेजारी-शेजारी ठेवले आणि चित्र स्पष्ट झालं. ओसरीवर अकरानंतर आंब्याची सावली सरकत येते ती हलतच नाही. थंडीत सूर्य आणखी खाली असतो, म्हणजे डिसेंबरात याहून वाईट. आणि सावली 'थोडीशीच' आहे असं म्हणून चालत नाही. पॅनेल एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतील, तर एकावर पडलेली सावली बाकीच्यांचंही उत्पादन ओढून खाली आणते.

दुसऱ्या दिवशी मावशीचा एक जुना विद्यार्थी आला, आता वायरमनचं काम करतो. चप्पल काढून शिडीवर चढला, वाशांना बोटाने टकटक केलं आणि खाली उतरून म्हणाला, "म्याडम, वजनाचं टेन्शन नाई. साग हाये, पेलून घेईन. पण कवेलू कसे फेराल?"

हा प्रश्न कुठल्याही एक्सेल शीटमध्ये नव्हता! कवेलूचं छप्पर दरवर्षी पावसाळ्याआधी फेरावं लागतं. फुटलेले काढायचे, सरकलेले जागेवर बसवायचे. त्यात वानरांची टोळी रोज आढ्यावरून पकडापकडी खेळते. वर पॅनेलची फ्रेम ठोकली, तर तिच्याखालचा कवेलू फुटल्यावर हात कुठून घालणार? पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षांचं सांगतात, कवेलूचं एका उन्हाळ्याचं. घर वाचवायला लावलेलं सोलर घर गळकं करणार.

"मग आंबा छाटला तर?" मी विचारलं. ओसरीवर तेवढे कवेलू काढून पत्रे टाकता आले असते.

मावशी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याले हात लावजो नोको."

विषय बंद.

उरला कोठा. त्याच वायरमनने दाखवलं. लोखंडी पाइपांवरचे टिनपत्रे, एकच उतार, दक्षिणेला थोडा पश्चिमेकडे वळलेला. माझे फोटो काढून पाहिले, तर नऊपासून साडेतीनपर्यंत स्वच्छ ऊन! दोन मोठे पॅनेल, म्हणजे एक किलोवॅटच्या आसपास, जेमतेम साठ चौरस फुटांत बसतात. वानरं वायरी ओढणार म्हणून सगळी वायर पाइपातून न्यायची. कोठ्यापासून घर चाळीस फूट. बस!

फंडा नंबर तीन : हिशोब, खराखुरा

रात्री दोघी हिशोबाला बसलो. छोटा फ्रिज दिवसाला साधारण ०.६ युनिट खातो, चार एलईडी दिवे ०.२. पावसात पंखा नको. म्हणजे अडचणीच्या दिवसाची गरज जेमतेम पाऊण-एक युनिट. १५० अँपियर-अवरच्या दोन बॅटऱ्यांमधून सव्वादोन-अडीच युनिट नीट वापरता येतात. ऊन अजिबात आलं नाही तरी अडीच दिवस निघतात. जुलैमधले तेच अडीच दिवस! आणि मेमध्ये ऊन कमी पडायचा प्रश्नच नाही, तेव्हा पंखाही चालेल.

पैसे? एक किलोवॅटचे पॅनेल आणि फिटिंग यांचं कोटेशन ६५,०००. अनुदान ३०,००० गेलं की ३५,०००. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचे वरचे ४०,०००. एकूण ७५,००० खिशातून. बिलात वाचणार महिन्याला फार तर चारशे. वसूल व्हायला पंधरा वर्षांच्या वर, आणि मधे बॅटऱ्या दोन-तीनदा बदलायच्या. बिलाच्या हिशोबाने हा शुद्ध तोट्याचा सौदा आहे, आणि हे मला स्वतःलाच मोठ्याने सांगावं लागलं. आपण हे 'गुंतवणूक' म्हणून करत नाही आहोत. पिठाच्या डब्यामागे अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशांना व्याज कुठे मिळतं?

मावशीने एकदम विचारलं, "तुह्या नावावर अर्ज होईन का?"

नाही. अर्ज कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाने होतो. आणि बिलावर अजून काकांचं नाव होतं. सहा वर्षं. दर महिन्याला ते बिल येतं, ती चष्मा लावून नाव वाचते, आकडा नंतर. नाव बदलायला एक फॉर्म आणि दोन कागद लागतात. शाळेतल्या शेकडो पोरांचे दाखले जिने लिहिले, तिला तो फॉर्म भरता येत नव्हता असं थोडंच आहे?

मी म्हटलं, "मावशी, राहू दे. अनुदान सोडून देऊ. तीस हजार मी घालते." (कुठून, ते विचारू नका. फ्रीलान्सरची श्रीमंती तुम्हाला ठाऊक आहे.)

ती काही बोलली नाही. सकाळी चहाच्या कपाशेजारी प्लास्टिकची पिशवी ठेवलेली. त्यात बिल, घराची कर पावती, काकांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत. "बिलावरचं नाव बदलव," ती म्हणाली. "आंबा हाये ना."

सातारा जिल्ह्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. अख्खं गाव! ते वाचून मला वाटलं होतं, एका घराचं काय एवढं? आता कळतंय, की त्या गावातही प्रत्येक छपराखाली कुणीतरी अशी एखादी पिशवी उघडली असणार.

नाव बदलायचा अर्ज गेलाय. कोठ्याचे गंजलेले दोन पत्रे बदलून झालेत. मेच्या आत काम व्हायला हवं. तोवर माठ आणि ओलं फडकं ड्यूटीवर आहेत.

जाता जाता : तुमचं छप्पर वाकडं असेल तर

• आधी ठरवा, बिल कमी करायचंय की लाइट गेल्यावर उजेड हवाय. दोन्हींची सिस्टिम वेगळी, खर्च वेगळा.

• बारा महिन्यांची बिलं काढा. गरजेपेक्षा मोठी सिस्टिम फक्त विकणाऱ्याला परवडते.

• दिवसभर दर तासाला छपराचा फोटो काढा. जमलं तर डिसेंबरात. सावल्या तेव्हा सर्वात लांब असतात.

• छप्पर पुढच्या काही वर्षांत दुरुस्तीला येणार असेल, तर आधी दुरुस्ती, मग पॅनेल.

• घराचं छप्पर नाही म्हणालं तर गोठा, गॅरेज, मोकळं अंगण पाहा. पॅनेलला ऊन लागतं, तुमच्या डोक्यावरची जागा नाही.

• बिलावर नाव कुणाचं आहे ते आजच बघा. आणि ते बदलायला घरातल्या माणसाला थोडा वेळ द्या.