ओर्व्हिएतोच्या मूर्ती घरी आल्या, हे बरंच झालं

रोमहून आगगाडीनं उत्तरेला निघालं की ज्वालामुखीच्या राखेतून घडलेल्या उंच कड्यावर ओर्व्हिएतो दिसतं. गाव लहान, पण कॅथेड्रल भलंमोठं. पायाभरणी १२९० मधली. भिंतींवर काळ्या बसाल्टचे आणि फिकट ट्रॅव्हर्टाइनचे आडवे पट्टे.

मी स्थापत्य शिकवलं, त्यामुळे माझी नजर डागडुजीकडेच जाते. १८९७ मध्ये इथल्या शुद्धीकरणवाल्यांनी ठरवलं की कॅथेड्रल मध्ययुगीनच दिसलं पाहिजे. नंतरच्या काळातले बारा शिष्यांचे संगमरवरी पुतळे बाहेर काढले. सोबत फ्रांचेस्को मोकीचे देवदूत आणि मेरीही गेले. ते परतले २०१९ मध्ये. मध्ये शंभराहून अधिक वर्षं गेली.

परत आणण्यावर कुरकुर झाली. मला मात्र तो निर्णय पूर्ण पटतो. मोकीची मेरी नीट पाहा. देवदूत वाऱ्यासकट येऊन थडकल्यासारखा, कपड्यांचा भोवरा झालेला. आणि ती खुर्चीवरून दचकून उठलेली, एका हातानं खुर्ची घट्ट धरून, अंग मागे घेतलेलं. हे दचकणं वेदीच्या दोन बाजूंना, मधल्या मोकळ्या अंतरासाठीच कोरलंय. संग्रहालयात ते अंतर हरवतं, मग तिचं अंग चोरणं निरर्थक वाटतं.

शिवाय 'मूळ' म्हणायचं तरी कशाला? दर्शनी भागावरची बरीच मोझाइक शतकानुशतकं बदलत आली. सान ब्रित्सिओ कपेलाचं छत फ्रा अँजेलिकोनं १४४७ मध्ये रंगवायला घेतलं, ते अर्धवटच राहिलं. लुका सिन्योरेल्लीनं १४९९ पासून ते पुरं केलं आणि भिंतींवर जगाच्या अंताची भीषण चित्रं काढली. मुख्य दारं तर एमिलिओ ग्रेकोची, १९७० ची. सगळ्या पिढ्यांनी हात लावलेली वास्तू एकाच शतकात कोंडणं म्हणजे बाकीच्यांचे श्रम पुसणं.

पुतळे निदान जपून ठेवले होते, म्हणून परतले. पण सोळाव्या शतकातल्या वेदी आणि त्यांचं गिलाव्याचं नक्षीकाम त्याच शुद्धीकरणात तोडून टाकलं. ते आता कुठून आणायचं?