पेंचचा वाघ आणि घराची ओढ



बिबट्या किंवा वाघ दिसला की आमच्या रामाकोना-सौंसर भागात एकच मागणी होते, 'पकडा आन् लांब नेऊन सोडा.' रात्री संत्र्याच्या बागेत ओलिताला जाणाऱ्याची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण लांब सोडलेलं जनावर तिथं राहतं का?

आपल्या पेंचचाच दाखला घ्या. पन्नातले वाघ संपले होते म्हणून नोव्हेंबर २००९ मध्ये पेंचचा टी-३ हा नर तिथं नेला. पन्नात दोन वाघिणी होत्या, दुसरा नर नव्हता. तरी थोड्याच दिवसांत गडी निघाला, तो पेंचच्या दिशेनं! महिनाभरात चारशेहून जास्त किलोमीटर चालला. शेवटी ऐन नाताळच्या दिवशी बेशुद्ध करून त्याला पन्नाला परत न्यावं लागलं. गाडीत कोंडून नेलेल्या जनावराला दिशा कुणी सांगितली?

ही नुसती उपजत बुद्धी, असं म्हणून लोक मोकळे होतात. मला पटत नाही. घराची ओढ आपल्यालाही आधी पोटात कळते, डोक्यात नंतर. टी-३ पुढे पन्नात रुळला, वाघिणीशी जुळलं, एप्रिल २०१० मध्ये बछडे झाले. म्हणजे नवं घर होतं, पण नुसतं नेऊन सोडल्यानं नाही.

जुन्नरकडे पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले उलट वाढले होते. तेव्हा पिंजऱ्याआधी गोठे बंदिस्त करा, आणि ओलितासाठी वीज दिवसा द्या.

— एक निवृत्त शिक्षक, रामाकोना