अंगणातली निलगिरी आणि कपाटातली बाटली

मृग कोरडा गेला आणि विहिरीने तळ दाखवला, की हिंगोली जिल्ह्यात गावोगाव एका झाडाचे नाव निघते. बांधावरच्या, परसातल्या निलगिरीने पाणी ओढले, ती आधी तोडा, असे एकाचे म्हणणे. निलगिरीमुळे डास फिरकत नाहीत, हवा शुद्ध राहते, लेकराच्या सर्दीला पाला कामी येतो, असे दुसऱ्याचे. राज्यात १९८२ साली सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला. त्या दशकात रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात आणि बांधांवर ही झाडे मोठ्या प्रमाणावर लागली. तेव्हाची रोपे आता चाळिशीला आली आहेत. शेजारच्या कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये नव्या लागवडीवर बंदी घातल्यापासून या वादाला आणखी धार आली आहे. आरोग्याचा मुद्दा मात्र त्यात चुकीच्या टोकाने येतो. झाडाची जेवढी भीती बाळगली जाते, तेवढी त्याच नावाच्या तेलाची बाळगली जात नाही.

आधी झाड कोणते ते पाहावे. मराठवाड्यात सर्रास दिसते ती तेरेतिकॉर्निस जातीची, म्हणजे ‘म्हैसूर गम’ म्हणून पसरलेली निलगिरी. साल लांब पट्ट्यांनी, खपल्यांनी सुटते आणि खाली गुळगुळीत, राखी-पांढरा बुंधा उघडा पडतो. पाने अरुंद, कोयत्यासारखी वाकलेली, खाली लोंबणारी. पान उजेडासमोर धरले तर तेलाचे बारीक ठिपके दिसतात, चुरगाळले तर वास येतो. कळीवर टोपी असते. ती गळून पडली की पांढऱ्या केसरांचा झुबका उमलतो. ऑस्ट्रेलियन बाभळीची पानेही अशीच वाकडी असतात, पण त्यांना हा वास नसतो, फुले पिवळी असतात आणि शेंगा वेटोळ्या. बॉटलब्रशच्या पानाला वास येतो, फुले मात्र लाल ब्रशसारखी असतात. वास लिंबाचा, गवती चहासारखा आला, तर ती लिंबाच्या वासाची वेगळी जात समजावी.

औषधाच्या दुकानातले तेल बहुधा ‘ब्लू गम’ या तिसऱ्याच जातीचे असते. ती उंचावरच्या थंड हवेत, उदाहरणार्थ तमिळनाडूच्या निलगिरी डोंगरात वाढते. वसमत-कळमनुरीच्या उन्हात ती टिकत नाही. त्या डोंगरावरूनच आपल्याकडे या सगळ्या झाडांना हे नाव मिळाले. औषधी प्रतीच्या तेलात सिनिओल हा घटक ७० टक्के किंवा त्याहून जास्त असतो.

डासांची समजूत जुनी आहे आणि ती सातासमुद्रापलीकडून आली आहे. एकोणिसाव्या शतकात रोमजवळच्या दलदलीत हिवताप हटवण्यासाठी निलगिरी लावली गेली. तेव्हा हिवताप ‘दूषित हवे’ने होतो असे मानत, आणि झाडाचा वास हवा शुद्ध करतो असा विश्वास होता. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. हिंगोलीची छावणी तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होती, त्याच राज्यातले हे शहर. दारातल्या झाडाने डास पळत नाहीत. लिंबाच्या वासाच्या जातीपासून काढलेला पीएमडी हा घटक अंगाला लावल्यास डास दूर राहतात हे खरे, पण तो तयार केलेल्या औषधात असतो आणि तीन वर्षांखालील मुलांना लावायचा नसतो.

पाण्याची तक्रार मात्र अगदीच हवेतली नाही. कर्नाटकात झालेल्या मोजणीत काही ठिकाणी निलगिरीने तिथल्या पानगळीच्या जंगलाइतकेच पाणी वापरले. बेंगळुरूजवळच्या होसकोटेला, जिथे मुळांना खोल माती मिळाली, तिथे पडलेल्या पावसाहून जास्त वापरले. म्हणजे मळा लावला तर हिशेब मोठा. अंगणातल्या एका झाडावर अख्ख्या गावाच्या विहिरींचे खापर फोडता येणार नाही, पण आड, शोषखड्डा किंवा घराची भिंत यांना लागून ते असू नये. जुन्या झाडाचा खरा धोका वळवाच्या वाऱ्यात मोडणाऱ्या फांद्यांचा आहे. शेंडा छाटून झाड बुटके केले, की त्या जागी फुटणाऱ्या फांद्या आणखी कच्च्या असतात. नगरपालिका हद्दीत तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. तोडलेल्या बुंध्याला पुन्हा कोंब फुटतात, ते वरचेवर खुडावे लागतात. वाळला पाला पेटवू नये. तेलामुळे तो भडकतो आणि धुराने दम्याच्या रुग्णांचे हाल होतात.

झाड राहो की जावो, कपाटातली बाटली राहतेच. रंगहीन तेल, छोटी बाटली, अनेकदा खोकल्याच्या औषधाशेजारीच ठेवलेली. लहान मुलाच्या पोटात चहाच्या एका चमच्याएवढे, म्हणजे ५ मिलिलिटर तेल गेले तरी विषबाधा होते. काही मुलांना त्याहून कमीही पुरते. अर्ध्या तासात गुंगी येऊ शकते, तोल जातो, श्वास मंदावतो, फीट येते. काही वेळा त्रास तीन-चार तासांनीही सुरू होतो, म्हणून ‘लेकरू खेळतंय की’ म्हणून थांबू नये. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नये. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी का करवत नाहीत हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. इथेही उलटीतले तेल फुप्फुसात उतरते. या विषाला खास उतारा नाही. १०८ क्रमांकाला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

पोटात न जाताही हे तेल त्रास देऊ शकते. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील मेंदूविकारतज्ज्ञांनी २०१७ मध्ये निलगिरी तेल हुंगल्यानंतर फीट आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कापराचेही तसेच आहे, आणि आपल्याकडच्या कित्येक बामांमध्ये हे दोन्ही एकत्र असतात. सर्दी झाली की छातीला बाम, उशीवर तेलाचे थेंब, गळ्यात कापराची पुरचुंडी, वर वाफारा. त्यात फीट आली तर तेलाचे नावही कुणी काढत नाही. निदान होते मिरगीचे. मग वर्षानुवर्षे गोळ्या. मुलगी असेल तर तिचे लग्न जमवताना लपवालपवी, आणि त्या धाकाने मध्येच सोडलेल्या गोळ्या. ज्यांना खरोखर मिरगी आहे आणि गोळ्यांनी ती आटोक्यात आहे, त्यांनाही या तेलाने पुन्हा फीट येऊ शकते. तिथे डोस वाढवण्याआधी तेल बंद करायला हवे.

प्रत्येक फीटचे खापर तेलावर फोडणेही बरोबर नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयात नुसत्या तापानेही फीट येते, आणि सर्दी-तापातच तेल वापरले जात असल्याने दोन्ही एकत्र दिसतात. म्हणून विचारावे लागते. गेल्या चोवीस तासांत काय चोळले, काय हुंगवले, नाकात काय सोडले, हा प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपरवर यायला हवा. तो विचारायला ना तपासणी लागते ना पैसा, तरी तो राहून जातो. आशा सेविकांनाही तो शिकवता येईल.

दोन वर्षांखालील बाळाला हे तेल लावू नये, हुंगवू नये, नाकात तर मुळीच सोडू नये. पाल्याचा काढा कोणत्याच वयात पाजू नये. पाल्याच्या वाफाऱ्यात तेल थोडेच असते, पण उकळते पातेले मुलाच्या अंगावर सांडते. करोनाच्या काळात वाफाऱ्याने मुले भाजण्याचे प्रकार ब्रिटनमधल्या डॉक्टरांनीही नोंदवले. बंद नाकाला मिठाच्या पाण्याचे तयार थेंब पुरतात. आणि फीट आलेल्या मुलाला दवाखान्यात नेताना घरातली बामची डबी आणि तेलाची बाटली पिशवीत टाकून न्यावी, म्हणजे लेबल डॉक्टरांना वाचता येईल.