फ्रेझरला 'अंकल टॉम' कोणी ठरवलं आणि गल्ला कोणाचा भरला?

मुहम्मद अली आपल्या पोरांना आवडतो, आणि आवडायलाच हवा. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या लष्करी भरती केंद्रात त्याचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा तो जागचा हलला नाही. व्हिएतनामच्या युद्धात जायला त्याने नकार दिला. त्याचं जगज्जेतेपद काढून घेण्यात आलं, परवाने रद्द झाले आणि ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली. व्यवस्थेसमोर न वाकलेला हा माणूस आपल्या स्टेटसवर असण्यात काहीच चूक नाही.

पण अलीची आणखी एक गोष्ट आपण उचलली आहे. सामन्याआधी समोरच्या माणसाला चव्हाट्यावर सोलून काढण्याची. त्या क्लिप आपण 'बघा, कसा बोलतो!' म्हणत पुढे पाठवतो. तो कोणाला बोलत होता, त्या बोलण्यावर पैसा कोणी केला आणि ज्याला बोलला त्याचं पुढे काय झालं, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे : मोठ्या सामन्याआधीचं वैर हा धंदा असतो, समाजातला द्वेष हा त्या धंद्याचा कच्चा माल असतो आणि दोन शोषित माणसांना एकमेकांवर सोडलं की फायदा रिंगच्या बाहेर बसलेल्याचा होतो.

आधी वैर विकलं जातं, मग सामना

बॉक्सिंगचा सामना फार तर तासाभरात संपतो. तिकिटं मात्र महिना-दोन महिने आधीपासून विकावी लागतात. म्हणून प्रमोटरला एक गोष्ट लागते : हा विरुद्ध तो, आपला विरुद्ध परका. ही गोष्ट तो नव्याने रचत नाही. समाजात जी भेग आधीच पडलेली आहे, तिच्यातच तो पाचर ठोकतो.

सगळ्यात उघडं उदाहरण १९१० चं. जॅक जॉन्सन हा टेक्सासमधल्या, गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा. डिसेंबर १९०८ मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो पहिला काळा हेवीवेट जगज्जेता झाला. त्याआधी गोरे विजेते काळ्यांशी लढायलाच नकार देत. याला 'कलर लाइन' म्हणत. आपल्याला ही रेषा ओळखीची आहे. आपल्याकडे ती पाणवठ्यावर होती.

जॉन्सन जिंकला आणि अमेरिकेतले गोरे अस्वस्थ झाले. नामवंत लेखक जॅक लंडनने वर्तमानपत्रातून हाक दिली की निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीजने परत यावं. हा जेफ्रीज स्वतः जगज्जेता असताना जॉन्सनशी लढायला तयार नव्हता. आता मात्र गोरा माणूस श्रेष्ठ आहे हे दाखवण्यासाठीच आपण उतरतो आहोत, असं तो उघडपणे सांगू लागला. वर्तमानपत्रांनी त्याला 'गोऱ्यांची आशा' बनवलं. प्रमोटर टेक्स रिकार्डने एक लाख एक हजार डॉलरचं इनाम लावलं, तारीख निवडली ४ जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, आणि पंच म्हणूनही तोच उभा राहिला.

रेनो शहरात पंधराव्या फेरीत जेफ्रीज कोसळला. त्याच रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत काळ्यांवर हल्ले झाले. माणसं मेली, त्यात बहुतेक काळी होती. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांच्यातला एकजण जिंकला होता. आपल्या गावात कोणी घोड्यावरून वरात काढली म्हणून, कोणी मिशा ठेवल्या म्हणून मार खातो, तेव्हा हेच घडत असतं.

जॉन्सनला रिंगमध्ये हरवता येईना, तेव्हा कायदा पुढे आला. १९१२ मध्ये सामन्यांच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी आली. १९१३ मध्ये सगळ्या गोऱ्या ज्युरीने त्याला मान कायद्याखाली दोषी ठरवलं. २०१८ मध्ये, मृत्यूनंतर सात दशकांनी, त्याला माफी मिळाली. १९१५ मध्ये हवानाला त्याचं जगज्जेतेपद गेलं, आणि त्यानंतर १९३७ मध्ये जो लुईस येईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढू दिलं गेलं नाही. हॅरी विल्ससारखा तगडा बॉक्सर वाट बघत म्हातारा झाला. 'गुणवत्ता असेल तर कोण अडवतं?' असं विचारणाऱ्यांना ही बावीस वर्षं सांगा.

काळ्यासमोर काळा

जॉन्सनच्या वेळी एक बाजू गोरी आणि एक काळी होती. साठ वर्षांनी रिंगमध्ये दोघेही काळे होते. मग वैर कुठून आणायचं?

८ मार्च १९७१, न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अली आणि जो फ्रेझर, दोघेही तोवर अपराजित. प्रत्येकाला पंचवीस लाख डॉलरची हमी. पैसा उभा केला तो हॉलिवूडमधला एजंट जेरी पेरेंचिओ आणि क्रीडासंघांचा मालक जॅक केंट कुक यांनी. दोघेही गोरे. सामन्यानंतर खेळाडूंचे ग्लोव्ह्ज आणि चड्ड्यासुद्धा लिलावात काढण्याचा पेरेंचिओचा विचार होता. शेवटच्या चिंधीपर्यंत हिशेब मांडलेला होता.

आणि अलीने काय केलं? फ्रेझरला 'अंकल टॉम' म्हटलं. हॅरिएट बीचर स्टोव यांच्या १८५२ च्या कादंबरीतल्या पात्रावरून आलेला हा शब्द. अर्थ गोऱ्यांचा हुजऱ्या. त्याला कुरूप म्हटलं, अडाणी म्हटलं. फ्रेझरच्या बाजूचा प्रत्येक काळा माणूस गद्दार, असं वातावरण तयार झालं.

आता फ्रेझर कोण होता ते पाहू. दक्षिण कॅरोलिनातल्या ब्यूफोर्टचा, शेतमजुरी करणाऱ्या घरातला. शाळा अर्धवट सुटलेली. फिलाडेल्फियात कत्तलखान्यात काम करत करत त्याने १९६४ चं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. अलीचे वडील साइनबोर्ड रंगवणारे. गरिबी तिथेही होती, पण फ्रेझरच्या घरापेक्षा बरे दिवस होते. अलीच्या कारकिर्दीला सुरुवातीला पैसा पुरवला लुइव्हिलच्या अकरा गोऱ्या धनिकांनी. फ्रेझरच्या मागे फिलाडेल्फियाच्या व्यावसायिकांचा गट होता. भांडवलाच्या बाबतीत दोघे एकाच नावेत. आणि अलीवर बंदी होती तेव्हा त्याला परवाना परत मिळावा म्हणून बोलणाऱ्यांत फ्रेझर होता. त्या काळात आपण अलीला पैशांचीही मदत केली, असं फ्रेझरने नंतर सांगितलं आहे.

त्या रात्री पंधराव्या फेरीत डाव्या हुकने अलीला पाडून फ्रेझर जिंकला. दोघांनाही इस्पितळ गाठावं लागलं. पण शिक्का पुसला गेला नाही. जानेवारी १९७४ मध्ये दुसऱ्या सामन्याआधी टीव्ही स्टुडिओत दोघे बसले असताना अली पुन्हा 'अडाणी' म्हणाला आणि फ्रेझर उठून उभा राहिला. दोघे तिथेच जमिनीवर झोंबले. हा शब्द फ्रेझरच्या जिव्हारी का लागला, हे ज्याची शाळा गरिबीने सुटली आहे त्याला सांगावं लागत नाही.

१ ऑक्टोबर १९७५ च्या मनिला सामन्याआधी तर अलीने रबराचा छोटा गोरिला आणून पत्रकारांसमोर त्याला ठोसे मारले. काळ्या माणसाला माकड म्हणणं ही गोऱ्या वर्चस्ववादाची सगळ्यात जुनी शिवी. ती आता एका काळ्या माणसाच्या तोंडून, जास्त गडद कातडीच्या दुसऱ्या काळ्या माणसासाठी आली, आणि पत्रकार हसले. फ्रेझरच्या मुलांना शाळेत ते ऐकून घ्यावं लागलं.

'ते नुसतं प्रमोशन होतं'

काही मित्र म्हणतील, ते फक्त तिकिटं खपवण्यासाठी होतं. बरोबर. २००१ मध्ये खुद्द अलीनेच माफी मागताना हेच सांगितलं. माझा मुद्दाही हाच आहे. एका माणसाची इज्जत तिकिटं खपवण्यासाठी वापरली गेली, आणि वापरणारा आपलाच होता.

तिकिटांचा पैसा कुठे जातो तेही बघा. मनिलाचा सामना फिलिपिन्समध्ये मार्कोसच्या लष्करी कायद्याखाली झाला, हुकूमशहाला आपल्या देशाची झळाळी जगाला दाखवायची होती. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी तो सकाळी, भयंकर उकाड्यात ठेवला. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरला समोरचं दिसेना, म्हणून त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी सामना थांबवला. प्रमोटर होता डॉन किंग, स्वतः काळा. याच किंगने १९८० मध्ये थकलेल्या अलीला लॅरी होम्ससमोर उभं केलं. ठरलेल्या रकमेतले दहा लाखांहून जास्त डॉलर कमी दिले म्हणून अलीला दावा लावावा लागला आणि शेवटी तो पन्नास हजारांवर मिटवला गेला. १९८४ मध्ये अलीला पार्किन्सनचं निदान झालं. प्रमोटर आपल्या समाजाचा आहे म्हणून तो आपला होत नाही. त्याच्या हातातली वही बघावी लागते. प्रमोटरने आपली कमाई बॉक्सरला दाखवावी, असा कायदा अमेरिकेला २००० साली करावा लागला. त्या कायद्याला नाव अलीचंच आहे.

एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना वाइनबर्ग आणि अरोंड यांचा १९५२ चा अभ्यास वाचनात आला. अमेरिकन रिंगमध्ये आधी आयरिश, मग ज्यू, मग इटालियन, मग काळे असा क्रम त्यांनी दाखवला आहे. म्हणजे त्या त्या काळात जो समाज शिडीच्या तळाशी, त्याचीच पोरं ठोसे खायला. वर चढलेला समाज रिंग सोडतो आणि खुर्चीत बसतो. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता समजावली तीही अशीच : तळाच्या माणसालाही आपल्याहून खाली कोणीतरी दिसत राहिला, की वरचा सुरक्षित राहतो. अलीने फ्रेझरमध्ये तो 'खालचा' शोधला.

स्क्रिप्ट नाकारणारेही आहेत. ११ जून १९८२ च्या सामन्यात होम्स विजेता होता आणि जेरी कूनी आव्हानवीर. तरी कूनी गोरा म्हणून मुखपृष्ठावर तो, पैसा दोघांना सारखा आणि विजेत्याला शेवटी पुकारण्याची प्रथा मोडून कूनीलाच शेवटी पुकारलं गेलं. पुन्हा 'गोऱ्यांची आशा'. होम्स तेराव्या फेरीत जिंकला. पण ज्यांना वंशयुद्धाचे सैनिक म्हणून उभं केलं होतं, ते दोघे पुढे मित्र झाले.

आता आपल्या रिंगकडे

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याबद्दल विचारणा केली. १९७२ मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली तीही तिकडच्या पँथरचं नाव घेऊन. त्यांच्या लढ्यातून आपण शिकत आलो. मग त्यांच्या चुकीतूनही शिकूया.

आज आपल्यातला कार्यकर्ता दुसऱ्या गटाच्या कार्यकर्त्याला 'दलाल', 'चमचा', 'विकला गेलेला' म्हणतो. त्याची पोटजात काढतो, त्याच्या इंग्रजीवर हसतो. त्या भांडणाचा व्हिडिओ लाखभर लोक बघतात. जाहिरातीचा पैसा प्लॅटफॉर्मला, मजा बघ्यांना, आणि निवडणुकीचा फायदा कोणाला होतो ते प्रत्येक निकालाला आपण बघतोच. गटागटांत फुटलेल्या रिपब्लिकन चळवळीच्या पोरांना हे नव्याने सांगायला नको.

'मग दलालाला दलाल म्हणायचंच नाही का?' म्हणायचं, जरूर म्हणायचं. कांशीराम यांनी १९८२ मध्ये पुणे कराराच्या पन्नासाव्या वर्षी 'चमचा युग' लिहिलं. त्यात त्यांनी चमचे तयार करणारी निवडणूक व्यवस्था उघडी पाडली आणि प्रश्न त्या व्यवस्थेला विचारला. टीका करताना तीन गोष्टी समोर ठेवा : त्याने कोणता निर्णय घेतला, कोणाचा पैसा घेतला, त्याने समाजाचं काय नुकसान झालं. हे तीन पुरावे असतील तर नाव घेऊन बोला. नसतील, फक्त रूप, पोटजात आणि भाषा असेल, तर तुमच्या हातात रबराचा गोरिला आहे.

फ्रेझरच्या फिलाडेल्फियाने आधी पुतळा उभारला तो रॉकीचा, सिनेमातल्या काल्पनिक गोऱ्या बॉक्सरचा. खऱ्या फ्रेझरचा पुतळा २०१५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी आला. त्याच्या अंत्यविधीला आजारी, थरथरता अली हजर होता. तोवर माफीचं जे काही व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि गल्ला कधीचाच मोजून झाला होता.

पुढचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा : या सामन्याचा प्रमोटर कोण आहे?

जय भीम.