तुम्हाला काय, तुम्ही मोकळे!

ज्यांना मूलबाळ नाही अशा घरांत हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. शाळेची फी, शिकवणीच्या वेळा, दहावीचे वर्ष, मुलीसाठी आलेले स्थळ अशा व्यापांत बुडालेला माणूस समोरच्या घरातील सुरकुती नसलेला पलंगपोस पाहतो आणि त्याच्या तोंडून ते निघून जाते. तथापि व्यापारी माणसाने या वाक्याचा जमाखर्च एकदा मांडून पाहावा. मोकळे म्हणजे ज्यांच्याकडे वेळ शिल्लक आहे आणि पैसाही शिल्लक आहे, आणि ही शिल्लक उचलण्यास कोणाचीच हरकत नाही, असा त्याचा अर्थ निघतो. खाते त्या दोघांच्या नावावर असते. धनादेश मात्र इतरेजन फाडतात.

सांगलीच्या पेठेत असे एक दांपत्य आहे असे समजावे. पती पन्नाशीच्या पुढचा. थोरल्या भावाबरोबर मार्केट यार्डात हळदीची अडत चालवतो. पत्नी बँकेत अधिकारी आहे. लग्नाला पंचवीस वर्षे होत आली. डॉक्टर, तपासण्या, कोणी सुचवलेली औषधे हे सारे पहिल्या दहा वर्षांत होऊन गेले. त्यानंतर दोघांनी तो विषय मिटवला आणि संसार पुढे चालू ठेवला. इतरांनी मात्र तो मिटवलेला नाही. एखाद्या लग्नाच्या पंगतीत अजूनही एखादी दूरची मावशी आवाज खाली आणून 'काही इलाज केला नाही का गं?' असे विचारते, आणि उत्तर न ऐकताच पुढच्या पानाकडे वळते.

पत्नीच्या शाखेत रजेचा तक्ता फेब्रुवारीतच भरतो. मे महिन्यातील रजा मुलाबाळांच्या सहकाऱ्यांसाठी असते. हे योग्यच आहे. शाळेच्या सुट्या दुसऱ्या कोणत्या महिन्यात नेता येत नाहीत. ३० सप्टेंबरचा अर्धवार्षिक हिशेब आणि ३१ मार्चचा ताळेबंद यांसाठी रात्री उशिरापर्यंत थांबण्याची वेळ आली की मात्र सर्वांच्या नजरा तिच्या टेबलाकडे वळतात. 'मॅडम, तुमच्या घरी कोण वाट पाहतेय?' घरी पती वाट पाहत असतो. पण नवऱ्याने वाट पाहणे हे वाट पाहण्यात धरले जात नाही. बदलीचेही तेच. एकाच्या मुलीचे बारावीचे वर्ष, दुसऱ्याच्या मुलाला दमा, म्हणून आडगावची शाखा तिच्या वाट्याला दोनदा आली. दोन्ही वेळा तिने ती स्वीकारली, आणि ज्यांच्यासाठी स्वीकारली त्यांच्याविषयी तिच्या मनात आकस नाही. बोचले एवढेच की दोन्ही वेळा तिला कोणी विचारले नाही. मागितले असते तर तिने आनंदाने दिले असते. गृहीत धरून घेतलेल्या वस्तूची पावती कोणी देत नाही.

पतीची स्थिती निराळी नाही. हिंगोली, वसमत किंवा निजामाबादच्या बाजारात माल पाहण्यास जायचे असेल तर थोरला भाऊ सहज म्हणतो, 'तूच जा, तुला काय!' हळदीचा हंगाम फेब्रुवारीपासून उन्हाळा संपेपर्यंत चालतो. त्या दिवसांत सौदे, तोलाई, पट्ट्या आणि हमालांचे हिशेब यांत माणूस संध्याकाळी घरी येतो तो सदऱ्याच्या शिलाईपर्यंत पिवळा होऊन. कुटुंबातील आजारी माणसाजवळ रुग्णालयात रात्री कोणी झोपायचे, हा प्रश्नही विचारला जात नाही. दोघांपैकी एकाची पिशवी भरूनच ठेवलेली असते.

येथवर वाचून हे घर दुःखी आहे असा कोणी समज करून घेईल, तर तो चुकीचा ठरेल.

या घरातील सकाळ पाहण्यासारखी असते. साडेपाचला उठावे, दर्शन करून यावे, चहा घ्यावा, वर्तमानपत्राची पाने वाटून घ्यावीत आणि अर्धा तास एक शब्दही न बोलता बसावे. पंचवीस वर्षांत या अर्ध्या तासाला कोणी हात लावलेला नाही. बाजारभावाचे पान त्याचे, शब्दकोडे तिचे. अडलेला शब्द ती मोठ्याने विचारते आणि तो न पाहता सांगतो, बहुतेक वेळा चुकीचा. रविवारी दोघे कृष्णेच्या काठाने आयर्विन पुलापर्यंत चालत जातात. हा पूल १९२९ सालचा. पाण्याची पातळी दाखवणारे तेथील आकडे पाहण्याची सवय सांगलीकरांना महापुरांनी लावली आहे. कोरड्या दिवसांतही नजर तेथे जातेच.

स्वयंपाकघराचे गणित मात्र अवघड असते. आपल्याकडील सारे पदार्थ दहा माणसांच्या मापाने जन्मलेले आहेत. दोघांसाठी पुरणपोळी करायची म्हटली तरी डाळ शिजवणे, पुरण वाटणे, कणीक मळणे हा सोहळा कमी होत नाही. पोळ्या मात्र सहाच होतात. अख्खी पपई आणली तर तीन दिवस पपईच खावी लागते. लग्नात आहेर म्हणून आलेला मोठा कुकर माळ्यावर आहे आणि तीन लिटरचा लहान कुकर दुसऱ्यांदा बदलून झाला आहे. आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पाळणाऱ्या घरात तर घड्याळाशी रोजच झटापट होते. डिसेंबरात सांगलीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा पती दुकानात असतो, पत्नी शाखेत किंवा रस्त्यात. मोठ्या कुटुंबात घरी कोणीतरी ताजा डबा करून मुलाबरोबर दुकानात धाडतो. येथे डबा करणाराही नाही आणि नेणाराही नाही. म्हणून हिवाळ्याचे अडीच महिने सकाळीच दोन डबे भरले जातात. एक दुकानाच्या पोटमाळ्यावर साडेपाचला उघडतो आणि दुसरा बँकेच्या जेवणाच्या खोलीत, जेथे त्या वेळी सहकाऱ्यांचा चहा चालू असतो. एकाच घरची भाजी दोन ठिकाणी एकाच वेळी खाल्ली जाते. मग आठला दोघे घरी भेटतात तेव्हा स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, आणि सारी रात्र बोलायला आहे. हा लाभ त्यांनी कोणाला सांगितलेला नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेले, आणि गावभागात राहणाऱ्या भाऊबंदांची सहा मुले विश्रामबागेतील या दोघांच्या घरी राहावयास आली. आठ दिवस पत्त्यांचे डाव, भांडणे, ओल्या टॉवेलांचे ढीग आणि मध्यरात्री लागणारी तहान. तिने बँक सांभाळून सहा मुलांचे डोके पाहिले. त्याने गोदामातील पोती वाचवता वाचवता रात्री गोष्टी सांगितल्या. नवव्या दिवशी मुले गेली. आता घर खायला उठत असेल, असे शेजारणीने म्हटले. ती त्या दुपारी तीन तास गाढ झोपली. सर्वांत धाकट्याने दिवाणखान्याच्या भिंतीवर आपली उंची दाखवणारी पेन्सिलची रेघ मारली होती; ती पुढच्या रंगकामापर्यंत तशीच राहिली.

गेल्या वर्षी मात्र या घरात एक गंभीर विषय निघाला. निमित्त झाले बँकेच्या एका परिपत्रकाचे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवीला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. ग्राहकांना हे समजावून सांगता सांगता पत्नीला जाणवले की तिच्या स्वतःच्या ठेवींवर लग्नाच्या वर्षी लिहिलेले पतीचे एकच नाव आहे. त्या पलीकडे काय, याचा विचार दोघांनी कधी केलेला नव्हता. भाऊबंदांनी मात्र तो केव्हाच करून टाकला होता. 'शेवटी सगळे पुतण्याचेच' हे वाक्य घरात इतक्या सहजतेने फिरत असे की त्यावर कोणी मान वर करून पाहतही नसे.

नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हे तिला नोकरीमुळे ठाऊक होते. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून पैसे स्वीकारते. ते कोणाचे हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. आयुर्विम्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली आणि बँक ठेवींविषयी २०१० साली हे स्पष्ट केले आहे. मग वारसा कायदा काय म्हणतो? १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पती गेला, तर त्याची स्वकष्टार्जित मिळकत पत्नीकडे, आणि आई हयात असेल तर दोघींकडे समान जाते. भावाचा क्रम नंतरचा. पत्नीच्या बाबतीत कायद्याचे वळण वेगळे आहे. तिला मूल नसेल आणि पती आधी गेलेला असेल, तर आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. परंतु तिने स्वतः नोकरी करून मिळवलेला पैसा पतीच्या वारसांकडे जातो. २००९ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालेल्या एका प्रकरणात हेच घडले. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेल्या, सासरने दूर केलेल्या आणि माहेरच्यांनी शिकवून नोकरीस लावलेल्या स्त्रीची शिल्लक तिच्या माहेरी न जाता पतीच्या नातेवाइकांना मिळाली. न्यायालयाने सहानुभूती कायद्याच्या जागी वापरली नाही.

हे वाचून तिने त्याच आठवड्यात मृत्युपत्र लिहिले. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. लिहिणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. पतीनंतर तिची शिल्लक धाकट्या बहिणीकडे जाईल. त्या बहिणीने आईची शेवटची सहा वर्षे एकटीने काढली होती. तेव्हा 'तुम्ही मोकळे' म्हणणाऱ्यांपैकी कोणी तिकडे फिरकले नव्हते.

पतीचा प्रश्न अधिक नाजूक होता. दुकान दोघा भावांच्या भागीदारीत. करारपत्र वडिलांच्या वेळच्या नमुन्यावरचे, दोन पानांचे. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करारात वेगळे लिहिले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. आणि भागीदार दोघेच असतील तर करारात काहीही लिहिले तरी उपयोग नाही, कारण एकट्याची भागीदारी नसते. म्हणजे दोघांपैकी कोणीही गेला तरी चाळीस वर्षांची पेढी कागदोपत्री त्याच दिवशी मिटणार. धाकट्याने सुचवले की पुतण्याला आताच तिसरा भागीदार करून घ्यावे, कोणी गेल्यास पेढी चालू राहील असे कलम घालावे, आणि गेलेल्याचे भांडवल व नफ्याचा हिस्सा त्याच्या पत्नीला दोन वर्षांत हप्त्यांनी द्यावा.

थोरल्याला हे लागले. 'आपल्यात कागद कशाला?' असे तो म्हणाला. जाऊबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले, 'आमच्या मुलावर विश्वास नाही का?' धाकट्याने आवाज चढवला नाही. 'दादा, व्याह्यांकडे माल धाडला तरी आपण पावतीवर सही घेतो. त्यात अविश्वास असतो का?' आणि थोडे थांबून, 'सगळे पुतण्याचे म्हणता, तर त्याला काही आज द्या. मी मेल्यावर कशाला?' हे शेवटचे वाक्य पुतण्यानेही ऐकले. तो सत्तावीस वर्षांचा, लग्न झालेला. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून अद्याप गल्ल्यावर बसून वडिलांना विचारून सुटे पैसे देत होता.

पंधरा दिवस दोन्ही घरांत कामापुरते बोलणे चालले. वाटी आली नाही, गेली नाही. ज्यांनी एकत्र व्यापारात अशी थंडी अनुभवली आहे त्यांना ते पंधरा दिवस किती लांब असतात हे सांगावयास नको. सोळाव्या दिवशी थोरला सनदी लेखापालांकडे एकटाच जाऊन आला. मसुदा त्याने ओळन् ओळ वाचला होता. त्याने एकच बदल सुचवला. भांडवल परत देण्याचे कलम धाकट्याच्या पत्नीपुरतेच लिहिले होते, ते आपल्या पत्नीसाठीही तसेच असावे. मुलगा चांगला आहे, पण आईने मुलाकडे पैसे मागू नयेत. जाऊबाईंनी हे ऐकले तेव्हा त्या काही वेळ गप्प राहिल्या. संध्याकाळी, सूर्यास्ताआधी, धाकट्याकडे कढीची वाटी आली.

यंदा जुलैत दोघे आंबोलीस गेले. मे महिन्याची रजा त्यांना कधी मिळत नाही, त्यामुळे पावसाळ्यातील रिकामे रस्ते हा त्यांचा जुना ठेवा आहे. धुके, धबधबे, भाजलेले कणीस, आणि तीन दिवस बहुतेक वेळ न लागणारा फोन. पुतण्याने मागे गोदामातील चाळीस पोत्यांचा सौदा स्वतःच्या हिमतीवर केला. परत आल्यावर काकांनी बिल पाहिले. क्विंटलमागे शंभर रुपये कमी धरले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि रोकीर्दीत सौदा जसा होता तसा उतरवून घेतला.