सैरंध्री आणि लग्नगडी

१९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील, सर्वांच्या परिचयाची. अज्ञातवासात पांडव विराटाच्या घरी चाकरी करीत आहेत. द्रौपदी सैरंध्री या नावाने राणीची दासी झाली आहे. राणीचा मदांध भाऊ कीचक तिला छळतो आणि शेवटी भीम त्याचा वध करतो. परंतु नाट्यगृहात बसलेल्या माणसांना या जुन्या कथेत निराळेच काही दिसू लागले. कीचकाचा ताठा पाहून त्यांना लॉर्ड कर्झनची आठवण होई. सैरंध्रीच्या ठिकाणी मातृभूमी दिसे. सबुरी सांगणारा धर्मराज आणि क्रोधाने पेटलेला भीम यांच्यात त्या काळचे मवाळ आणि जहाल दिसत. नाटकात इंग्रजांचे नावसुद्धा नव्हते. तरी सरकार धास्तावले आणि १९१० साली त्याने नाटकावर बंदी घातली. रंगभूमीवरची गदा ती; पण तिची भीती खरी होती!

अशा नाटकाने मन हेलावते, देशासाठी काही सोसावे असे वाटू लागते. हे नाटकाचे मोठेच कार्य होय. तथापि येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. सैरंध्रीमध्ये देश पाहणाऱ्या त्या प्रेक्षकांपैकी कितीजणांना देशातल्या खऱ्याखुऱ्या सैरंध्री दिसल्या असतील?

त्या काही दूर नव्हत्या. मुंबईच्या उत्तरेस, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या डहाणू आणि तलासरी या भागांत वारली लोकांना जमीनदारांच्या शेतावर वेठ करावी लागे. म्हणजे मजुरीवाचून राबावे लागे. लग्नासाठी एखाद्याने थोडे कर्ज काढले की तो आणि त्याची बायको दोघेही सावकाराच्या घरचे गुलाम होत. त्यांस ‘लग्नगडी’ म्हणत. द्रौपदीची चाकरी एका वर्षाची होती. लग्नगड्याच्या चाकरीची वर्षे कोणी मोजीतच नसे. आणि तिला छळणारा कीचक एक होता; येथे तर गावोगावी मालक होते, आणि ते परके नव्हते, याच देशातले होते.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तेथे काही वारली गेले. पुढे २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारल्यांची सभा झाली. शामराव व गोदावरी परुळेकर हे त्यांचे मार्गदर्शक होते. वेठ करावयाची नाही, असा निश्चय त्या सभेत झाला. हा निश्चय ऐकावयास सोपा वाटतो. पण ज्याच्या घरी दुसऱ्या दिवसाचे धान्य नाही, त्याने मालकाला ‘नाही’ म्हणणे म्हणजे काय, याचा विचार करावा. नाटक पाहून आलेला मनुष्य रात्री आपल्या घरी निजतो. झरीहून परतलेल्या वारल्याला सकाळी त्याच मालकासमोर उभे राहावयाचे होते. तरीही थोड्याच दिवसांत वेठ बंद पडली आणि लग्नगडी मोकळे झाले.

त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चारजण मरण पावले. नाटकातला वीर पहिल्या अंकापासून ओळखू येतो. जेठ्या गांगड हे नाव मात्र त्या दिवसापूर्वी त्याच्या आसपासच्या गावांबाहेर फारसे कोणी ऐकले नसेल.

इंग्रज गेले ते १९४७ साली. वारल्यांनी आपल्या मानेवरचे एक जोखड त्याआधी दोन वर्षे फेकून दिले होते, तेही स्वदेशीयांनी लादलेले. कोणते स्वातंत्र्य मोठे, असा वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र देशाच्या स्वातंत्र्यासाठी टाळ्या वाजविणारा एखादा गृहस्थ आपल्या शेतावर वेठ घेत असेल, तर त्याला ‘कीचकवध’ निम्मेच कळले, असेच म्हणावे लागेल. गोदावरी परुळेकरांनी या लढ्याची हकीकत १९७० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्या पुस्तकाचे नाव.